मारुतीजवळचे वीरगळ चौथऱ्यात बसवावेत का?

सिन्नरकर: सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळाशी तीन कोरीव दगड आहेत. दोन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, वाटतात, तिसऱ्यावर कोपरात वाकलेला हात आहे. जीर्णोद्धारात ते सिमेंटच्या चौथऱ्यात बसवायचं घाटतंय. ते वाचायचे कसे? गावाचं वय त्यावरून कळेल का?

गोदाकाठ: चौथऱ्याचं काम आधी थांबवा. वीरगळावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात, त्या खालून वर वाचतात. तळाला पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर तो गुरं वाचवताना पडला. वर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. हातभर दगड गाडला की नेमकी गाईंचीच चौकट जाते, म्हणजे तो का मेला हेच पुसलं जातं. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात आणि पापुद्रे सुटतात. तिसऱ्या दगडावरचा हात बांगड्या भरलेला असेल तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक.

शेंदराचं कवच छिन्नीने काढू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं, सगळं वर्ज्य. धूळ मऊ कुंचल्याने झाडा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडून झिजलेलं कोरीवही उठतं. फोटोत शेजारी पट्टी ठेवा.

काळी_पांढरी: वयाबद्दल जपून. दगडावर कोरलेला लेख नसेल तर वेशभूषा आणि शस्त्रांवरून फक्त अंदाज बांधता येतो, आणि असे दगड शिवारातून उचलून देवळाशी आणलेलेही असतात. वस्तीचं वय पांढरीत शोधा: गावाखालची राखट, भुसभुशीत माती. घराचा पाया किंवा ओढ्याने कापलेला काठ बघा. तांबड्यावर काळी नक्षी असलेलं, टिचकी मारली की खणखणणारं पातळ खापर जोर्वे काळाचं, म्हणजे ताम्रपाषाणयुगातलं, असू शकतं, म्हणजे तीन हजार वर्षांपलीकडचं. नाशिकच्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये असंच थर उतरत उत्खनन झालं. खापर उचलू नका, जागेवरच फोटो घ्या. थरातून सुटलं की त्याचा थराशी संबंध तुटतो आणि त्यावरून वस्तीचं वय ठरवणं अवघड होतं.

सिन्नरकर: मग दगड ठेवायचे कुठे?

गोदाकाठ: आहेत तिथेच. भोवती पाणी साचणार नाही असा उतार काढा. हलवणं भागच असेल तर आधी फोटो, उंची, रुंदी, तोंडाची दिशा नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला ग्रामपंचायतीचं पत्र द्या. पुन्हा उभे करताना खड्ड्यात वाळू-मुरूम ठोकून बसवा, आणि तळाची चौकट पूर्ण जमिनीवर राहील हे बघा.