कंपनी कंपालाला पाठवतेय, जाऊ का? (पाणीपुरवठा कन्सल्टन्सी)

ऐरोलीकर_सिव्हिल
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटला एका कन्सल्टन्सीत नऊ वर्षं झाली, काम म्हणजे पाणीपुरवठ्याचं डिझाइन, आधी शहरांच्या अमृत योजनेचे डीपीआर (प्रकल्प अहवाल) मग जलजीवनची गावं, माणशी रोज ५५ लिटर धरायचे, इपानेटवर (पाइपच्या जाळ्यात पाणी कसं वाहील ते काढायचं सॉफ्टवेअर) रन मारायचा, साहेब म्हणाले व्यास कमी कर की परत रन मारायचा. परवा अचानक केबिनमध्ये बोलावलं, म्हणे युगांडाचं काम लागलंय, कंपाला, वर्ल्ड बँकेच्या पैशावरचं, तुझं नाव नेटवर्क मॉडेलर (पाइपच्या जाळ्याचं गणित करणारा) म्हणून दिलंय, १४ महिने. दिलंय म्हणजे? मला विचारलं कधी? बायको रबाळ्याला आयटीत, मुलगा सिनियर केजीत, आई गुडघ्यांनी बेजार. पगार वाढेल म्हणतात पण आकडा कोणी तोंडातून काढत नाही. तिकडे नक्की काम काय असतं, आणि परत आल्यावर इथे त्याला किंमत असते का, की पुन्हा जलजीवनच?

बिडवाली_घणसोली
मी बिड डिपार्टमेंटला आहे, म्हणजे टेंडर भरायचं काम, तुमच्या कंपनीत नाही, घाबरू नका 😀 बँकेच्या अशा कामांत टेक्निकलला ८० आणि पैशाला २० असं वजन असतं, कधी ७०-३०. आणि टेक्निकलमधले बरेच मार्क माणसांच्या सीव्हीला. म्हणजे काम जिंकलंय त्यात तुमचा वाटा आहे दादा. सीव्हीखाली तुमची सही असायला पाहिजे, केली होती का आठवा. माझ्या जुन्या कंपनीत स्कॅन केलेल्या सह्यांचा फोल्डरच होता, मी रजेवर असताना माझाच सीव्ही तीन देशांत जाऊन आला, नोकरी सोडली त्याचं ते एक कारण.

आता मुद्दा असा की काम लागल्यावर माणूस बदलायचा तर क्लायंटची परवानगी लागते, आणि बदली माणूस तितकाच किंवा वरचढ द्यावा लागतो. त्यामुळे सध्या पारडं तुमचं जड आहे, तिकीट निघालं की गेलं. पहिलं हे विचारा, १४ मॅनमंथमधले (तुमच्या कामाचे महिने) फील्ड, म्हणजे तिकडे जाऊन, किती आणि होम किती? होम म्हणजे तुम्ही वागळे इस्टेटलाच बसणार. फील्डच्या महिन्याला कंपनी क्लायंटकडून जास्त रेट लावते, त्यातलं तुमच्या हातात किती, पर डायम (रोजचा भत्ता) वेगळा का पगारातच घुसवलाय, घरी यायची तिकिटं किती, सगळं मेलवर घ्या. तोंडी काही नको.

पाणकोंबडी
कंपालात दोन वर्षं काढून आलोय, आता नेरुळला. जा असं माझं मत, पण डोकं रिकामं करून जा.

शहर टेकड्यांवर आहे. पाणी व्हिक्टोरिया सरोवराचं, गाबाला पाणी शुद्ध करायचे जुने प्लांट आणि पूर्वेला काटोसीला नवा मोठा, तिथून सगळं चढवत न्यायचं. दरीत प्रेशरने पाइप फुटतो आणि टेकडीवर नळ नुसता फुसफुसतो, त्यामुळे झोन पाडायचं, म्हणजे उंचीप्रमाणे प्रेशरचे भाग वेगळे करायचं, खरं काम तुम्हाला तिथे मिळेल, इथल्यासारखं कागदावरचं नाही. पण आपल्या हाताला लागलेली सवय नडते. आपण धरूनच चालतो की पाणी ठरलेल्या वेळी येणार, मग सोसायटीची खालची टाकी, पंप, वरची टाकी. तिथे मीटर आहेत आणि लाइन कायम भरलेली ठेवायचा प्रयत्न असतो, पीक फॅक्टरपासून (गर्दीच्या वेळेची मागणी सरासरीच्या किती पट) सगळं बदलतं. माझ्या आधीच्या साहेबांनी एका वस्तीची मलवाहिनी माणशी १३५ लिटरवर काढली होती, का तर आपल्या मॅन्युअलमध्ये तेच आहे. अहो जिथे अंगणातल्या एका नळावर चार घरं जेरीकॅन भरतात तिथे १३५ येणार कुठून? पाइप मोठा, पाणी थोडं, सेकंदाला ०.६ मीटरचा वेग मिळत नाही आणि मैला तळाला बसतो.

आणि शहराच्या बऱ्याच भागात मलवाहिनीच नाही, खड्ड्याचे संडास. एकदा खड्डा उपसताना मी शेजारी उभा होतो. गल्परने चालू होतं, म्हणजे उभा पाइप, आत दोन झडपा, वर आडवी मूठ, हापशासारखं खालीवर करायचं की मैला ड्रममध्ये. पण त्याआधी पोरांनी अर्धा तास आकडी घालून चिंध्या, बाटल्या आणि एक लहान मुलाची चप्पल बाहेर काढली, नाहीतर पंप चोक. टँकर त्या गल्लीत शिरतच नाही. मग ड्रम पिकअपमध्ये टाकून लुबिगीच्या मैलाशुद्धीकरण केंद्राला, तिथे सांडपाण्याबरोबर हा गाळही घेतात, सुकवायचे बेड आहेत. मी तिथल्या इंजिनियरांना नवी मुंबईच्या एसबीआर प्लांटचे (सांडपाण्यात विजेवर हवा सोडून शुद्ध करणारे) फोटो दाखवले, म्हणाले छान, वीजबिल कोण भरतं? पण वाई-सिन्नरला २०१८ पासून दर तीन वर्षांनी घरोघरचा सेप्टिक टँक पाळीने उपसतात हे सांगितलं तेव्हा मात्र खुर्च्या पुढे ओढून बसले.

जेवणाची काळजी नको. रोलेक्स म्हणजे तिथे घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. बोडाबोडावर (तिथली मोटारसायकल टॅक्सी) मात्र हेल्मेटशिवाय बसू नका.

कळवा_ब्रिज
किंमत असते का विचारलंत म्हणून. मी काठमांडूला होतो, मेलमची नदीचं पाणी शहरात वाटायच्या कामावर. साडेसत्तावीस किलोमीटरचा बोगदा, किती वर्षं रखडलेला, मार्च २०२१ मध्ये पाणी पोचलं, आम्ही पेढे वाटले आणि जूनमध्ये पूर येऊन वरचं सगळं गाळात. फील्डचे महिने थांबले की कंपनी पहिलं तुम्हाला परत बोलावते, तेव्हा पगार जुना होतो का तेवढं लिहून घ्या. बाकी पुढच्या बिडमध्ये परदेशातला अनुभव या रकान्यात आपलं नाव चालतं, मला त्यावरच आत्ताची नोकरी मिळाली.

शून्य_टक्के_गळती
यलो फीवरची लस ठरलेल्या सरकारी केंद्रावरच मिळते, कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कार्ड नसेल तर परत येताना सहा दिवस क्वारंटाइन. आणि आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की टॅक्सला तुम्ही इथलेच, निघायची तारीख सीएला विचारून ठरवा.

ऐरोलीकर_सिव्हिल
सगळ्यांचे आभार. आज विचारलं, फील्ड ९ होम ५ निघाले, आणि सही माझीच आहे म्हणे, दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी गठ्ठ्यात केलेली. पर डायमचा मेल उद्या येतोय. बायको जा म्हणाली. आईचा एकच प्रश्न, तिकडे पाणी किती वाजता येतं?

पाणकोंबडी
आईंना सांगा चोवीस तास. तुम्ही मात्र फ्लॅट टेकडीच्या माथ्यावर घेत असाल तर गच्चीवर जाऊन टाकी आधी बघा.