हटबेच्या (लिटल अंदमान) जहाजाचं तिकीट कसं काढायचं? लवकर सांगा

चिंचोका
लिटल अंदमानला जायचंय. पोर्ट ब्लेअरहून हटबेला सरकारी जहाज जातं इथपर्यंत कळलं. तिकीट घरबसल्या निघतं की तिथे जाऊन रांगच लावायची? लॉजवाला फोनवर म्हणतो, "आओ, फिर देखेंगे." मला जाऊन बघायचं नाहीये. हॅवलॉक-नील बेटं सुचवू नका, गर्दी नको म्हणूनच हा खटाटोप.

सुकाणू
कधी जाताय? किती जण? परतीचं विमान काढलंय का? एवढं सांगितल्याशिवाय काय डोंबल सांगणार.

गलबत्या
हटबे सोडा, मिनिकॉय करा! लक्षद्वीपचं पार दक्षिणेचं बेट. १८८५ चं दीपगृह, वरपर्यंत चढून जा. खाली लगून अशी निळी की फोटो दाखवला तर लोक रंग भरलाय म्हणतात. ट्यूना अजून गळानेच धरतात, जाळं नाही.

चिंचोका
@गलबत्या, तिथे परवाना लागतो ना?

गलबत्या
लागतो. पोलिसांचा दाखलाही लागतो. पण एकदा काढला की निवांत.

सुकाणू
म्हणजे त्यांच्या अडचणीत अजून एक भर. हटबेला भारतीयांना परवाना लागत नाही, फक्त आदिवासी राखीव भागात जायचं नाही. ओळखपत्र मात्र मूळ प्रत न्या. आता तारीख सांगता का?

चिंचोका
डिसेंबरचा शेवटचा आठवडा. तिघं.

आंबटगोड
डिसेंबर छान! आम्ही गेलो होतो तेव्हा सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहिला, अंगावर काटा आला. सावरकरांची कोठडी चुकवू नका. आता पोर्ट ब्लेअर म्हणायचं नाही बरं का, २०२४ पासून श्री विजयपुरम.

गलबत्या
हॅवलॉकचंही २०१८ ला स्वराज द्वीप झालं. जेट्टीवर मात्र सगळे हॅवलॉकच ओरडतात.

सुकाणू
नावांचा वेगळा धागा काढा हो. चिंचोका, तुमचा मुद्दा असा. जहाजाचं वेळापत्रक फार आधी पक्कं होत नाही आणि हवामानावर ऐनवेळी बदलतं. तिकिटं नौकानयन संचालनालयाची, जहाज बहुतेक फिनिक्स बे जेट्टीवरून. वर नाताळ! हटबेजवळ हरमिंदर बेला निकोबारी वस्ती आहे, ती माणसं त्याच आठवड्यात घरी जात असतात. पिशव्या, कोंबड्या, टीव्हीचे खोके घेऊन रांगेत उभी. तुम्हाला खिडकीवर "फुल" ऐकायची तयारी ठेवायला हवी.

चिंचोका
बरं. जाताना एक मुक्काम, येताना थेट विमानतळ असं बसवलंय. जहाज सकाळी पोचेल ना? विमान दुपारचं आहे.

सुकाणू
म्हणजे विमान काढून मोकळे झालात! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. हटबेहून परतायला सहा ते आठ तास, जहाज कुठलं लागेल त्यावर. वर वाटेतल्या डंकन पॅसेज सामुद्रधुनीत समुद्र खवळलेला असेल तर जहाज सुटतच नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळात हॅवलॉक-नीलला हजारावर पर्यटक अडकले, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. पोर्ट ब्लेअरला शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. तारीख बदलायला पैसे पडतील, पडू देत.

गलबत्या
माझ्या मेव्हण्याचं जहाज दोन तासात पोचलं होतं. एवढं घाबरवू नका.

सुकाणू
मेव्हणे हॅवलॉकला गेले असतील.

आंबटगोड
हटबेला ओंगे आदिवासी दिसतात ना? मुलांना दाखवता येतील का?

तिरफळ
माणसं आहेत ती, प्राणीसंग्रहालय नाही. जेमतेम शंभरभर उरलेत. डुगाँग क्रीकला, त्यांच्या वस्तीत, पर्यटकांना जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चिंचोका, तुम्हाला तिथे काय बघायचंय? बटलर बेचा किनारा मस्त, जेट्टीपासून १४ किलोमीटरवर. धबधबे आहेत, पण जंगलातून चालावं लागतं. खाड्यांत मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या. पाटी नाही म्हणून उतरू नका, आधी गावात विचारा.

चिंचोका
बाबा बरोबर आहेत. वय ७२, गुडघे दुखतात. चालायला किती?

तिरफळ
आता सांगताय! मग धबधबे राहू द्या, बटलर बेला रिक्षा करा. जहाजात त्यांना बंकच घ्या. उलटीची गोळी निघायच्या आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि अंधार लवकर पडतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गेला. घड्याळ आपलंच आहे पण बेट पार पूर्वेला, त्यामुळे सगळं पहाटे पाचपासून चालू करा.

सुकाणू
बाबांच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा, अडकलात तर लागतील.

गलबत्या
मिनिकॉयला मात्र

तिरफळ
अहो थांबा ना.

चिंचोका
विमान दोन दिवस पुढे ढकललं. आता फक्त तिकीट राहिलंय. आमच्याआधी तिकडे कुणी असेल तर जेट्टीवर जाऊन रांग किती लांब आहे ते कळवाल का?

आंबटगोड
तिकडे शाकाहारी जेवण मिळतं का पण?