प्रत्येक ऱ्हासाचं खापर तापमानवाढीवर फोडणं थांबवायला हवं

खंड्या (धागाकर्ता):
बेडूक कमी झाले, फुलपाखरं दिसेनाशी झाली, नदीतले मासे संपले, की हल्ली एकच उत्तर तयार असतं: हवामानबदल. तापमान वाढतंय आणि ते माणसामुळेच वाढतंय, याबद्दल माझं दुमत नाही. पण असं म्हटलं की दोष साऱ्या जगात वाटला जातो आणि ज्याने जंगल तोडलं, नदी अडवली, विष सोडलं तो नामानिराळा राहतो.

आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने २०१९च्या अहवालात सुमारे दहा लाख प्रजाती धोक्यात असल्याचं सांगितलं. त्याच अहवालातला कारणांचा क्रम पाहा. पहिलं कारण जमीन आणि समुद्राच्या वापरातले बदल, दुसरं थेट शिकार, मासेमारी, तोड. हवामानबदल तिसरा, मग प्रदूषण आणि परक्या आक्रमक प्रजाती.

चीनच्या यांगत्से नदीतला पॅडलफिश हा मासा २०२२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. अंडी घालायला तो नदीच्या वरच्या अंगाला जायचा. १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने ती वाट बंद केली, त्यात बेसुमार मासेमारी. याचा दोष उष्णतेला कसा द्यायचा?

नेमकं कारण सापडलं तर काय होऊ शकतं, तेही आपण पाहिलंय. १९९०च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. २००४ मध्ये उलगडा झाला की गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, आणि पुढे घसरण मंदावली. बदलत्या हवेवर बोट ठेवून बसलो असतो, तर आज मोजायलाही गिधाडं उरली नसती.

शेवाळ:
असहमत. प्रवाळांकडे पाहा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बहुतेक अन्न तेच पुरवतं. समुद्राचं पाणी तिथल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि लवकर सावरलं नाही तर उपासमारीने मरतं.

२०१६ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेचा सर्वात जास्त होरपळलेला भाग होता उत्तरेकडचा, म्हणजे जिथे माणसाचा उपद्रव सर्वात कमी. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, मासेमारीवर बंदी आहे की नाही, याने त्या तडाख्यात जवळपास काहीच फरक पडला नाही. मग २०१७, २०२०, २०२२, २०२४ मध्येही असेच तडाखे बसले. झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहाएक वर्षं लागतात. इथे दोन तडाख्यांमध्ये तेवढी उसंतच मिळत नाही. तुमच्या यादीतला तिसरा क्रमांक हा आजवरच्या नुकसानीचा आहे. पुढच्या पन्नास वर्षांत तो तिसराच राहील, हे कशावरून?

दीपमाळ:
दोघेही फार निराश झाला आहात असं वाटतं. हिमयुगं आली, गेली, जीवसृष्टी टिकली. इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी पडली, तेव्हा तिथल्या ठिपकेदार पतंगांमध्ये काळे पतंग वाढले. हवा स्वच्छ करण्याचे कायदे आल्यावर फिकट पतंग पुन्हा वाढले. सजीव बदलतात. त्यांना इतकं लेचंपेचं का समजायचं?

करवंद:
दीपमाळ, त्या पतंगाची पिढी एका वर्षाची असते आणि काळा रंग यायला त्याच्यात एका जनुकातला बदल पुरला. आता हिरवं समुद्री कासव घ्या. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूतल्या घरट्याच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेली ९९ टक्क्यांहून जास्त तरुण कासवं माद्या निघाली. आणि या कासवाला वयात यायलाच काही दशकं लागतात. त्याने बदलायचं कधी?

नेदरलँड्समधला माशीमार पक्षी पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो. परत कधी निघायचं हे त्याला दिवसाच्या लांबीवरून कळतं, आणि दिवसाची लांबी काही तापमानवाढीने बदलत नाही. नेदरलँड्समध्ये मात्र वसंत लवकर येतो, अळ्या लवकर निघतात आणि पिल्लांना भरवायच्या वेळी संपलेल्या असतात. जिथे अळ्यांचा बहर सर्वात आधी ओसरतो, तिथे दोन दशकांत हे पक्षी सुमारे ९० टक्क्यांनी घटले. जंगल जागेवर, पक्षी धडधाकट, फक्त वेळ चुकली.

खंड्या, तुमच्याशीही माझं भांडण आहे. तुम्ही कारणांच्या वेगवेगळ्या राशी करता. जमिनीवर त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. हिमयुग ओसरल्यावर झाडं पिढ्यानपिढ्या उत्तरेकडे आणि डोंगरावर सरकत गेली, कारण मध्ये सलग जमीन होती. आज त्याच वाटेत महामार्ग, शेतं आणि शहरं आहेत. उष्णता प्रजातींना हाकलते आणि तुकडे झालेलं जंगल त्यांची वाट अडवतं. मेलेल्या झाडाच्या नावापुढे कोणतं एक कारण लिहिणार?

खंड्या:
प्रवाळांबद्दल वाद नाहीच, मी 'प्रत्येक ऱ्हासाचं' म्हटलंय. करवंद, तुमचं शेवटचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वाट अडवणारा महामार्ग कोणीतरी मंजूर केलेला असतो. त्याच्या फाइलीवर सही असते, त्याला हरकत घेता येते, मार्ग बदलता येतो. कोस्टा रिकातला सोनेरी भेक हा बेडूक १९८९ नंतर दिसलाच नाही. आधी थेट तापमानवाढीला दोष दिला गेला. नंतरच्या संशोधनाने बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या बुरशीकडे आणि एल निनोच्या (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं, त्याच्या) कोरड्या हंगामाकडे बोट दाखवलं. ही बुरशी जगभर पसरण्यात उभयचरांच्या व्यापाराचा हात आहे, आणि व्यापारावर निर्बंध घालता येतात.

शेवाळ:
'घालता येतात' एवढं म्हणून भागत नाही. न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी कॅनडाने १९९२ मध्ये थांबवली, हजारो लोकांचा रोजगार एका झटक्यात गेला. कारण माहीत होतं, बंदी घातली, तरी तीन दशकांनंतरही तो साठा पूर्वीसारखा भरलेला नाही. स्थानिक कारण म्हणजे सोपं कारण, हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही.

खंड्या:
सोपं मी कुठेच म्हटलेलं नाही. कुबड देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर १९६०च्या दशकात बंदी आली आणि त्यांचे बरेचसे कळप सावरले. कॉड सावरला नाही. बंदी उशिरा आली की वेळेत, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणूनच ज्या जंगलतोडीची परवानगी अजून मिळालेली नाही, तिच्यावर आज बोलायला हवं. कार्बन उत्सर्जनाची लढाई लढणाऱ्यांनी तिथेही हरकत नोंदवावी, एवढीच माझी मागणी आहे.

करवंद:
ही मागणी मान्य. त्यात माझी एक भर: डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जोडलेला जंगलाचा पट्टा दिसला, तर हरकत नोंदवताना सर्वात आधी तो पट्टा धरा. खालच्या प्रजातींना वर सरकायला तेवढीच वाट उरलेली असते, आणि तोडीच्या नकाशावर ती कित्येकदा 'पडीक' म्हणून दाखवलेली असते.