अनुभव हवेत : जनावराचं दुखणं तुम्हाला कशावरून कळलं?

आमची मनी तेरा वर्षांची. तरुणपणी तिची हक्काची जागा म्हणजे कपाटाचा माथा. मग ती टेबलावर झोपायला लागली, मग खुर्चीत, आणि गेल्या महिन्यात खुर्चीखाली. वर्षभरात बाईसाहेब एकेक मजला खाली उतरत होत्या आणि आम्ही कौतुकाने म्हणत होतो, "म्हातारी झाली, शांत झाली." खाणंपिणं नेहमीसारखं, लंगडणं नाही, ओरडणं नाही. लसीसाठी नेली तेव्हा डॉक्टरांनी कंबर दाबून बघितली आणि तिने त्यांना फिस्कारलं. एक्स-रेत दोन्ही खुबे झिजलेले. डॉक्टर म्हणाले, बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांची हीच गत असते. फक्त मांजर लंगडत नाही, उड्या मारायचं सोडून देते.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. तुमच्या घरी, गोठ्यात, दारात जे जनावर आहे, त्याचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा कशावरून कळलं? किंवा कळायला हवं होतं आणि कळलं नाही? कुत्रा, गाय, मासा, काहीही चालेल. अट एकच : औषधाचं माप इथे लिहू नका. ते वजनावर ठरतं, आणि तुमचा कुत्रा म्हणजे माझा कुत्रा नव्हे.

* * *

आमचा बोका लिटरमध्ये (म्हणजे मांजराच्या शी-शूच्या रेतीच्या ट्रेमध्ये) जाऊन बसायचा, उठायचा, परत बसायचा. मी समजले, बद्धकोष्ठता. तसं वाटायचं कारण तो जोरही करत होता. संध्याकाळभर हे चाललं. मध्येच कोपऱ्यात जाऊन खालचा भाग चाटत बसायचा. मला वाटलं, स्वच्छता चाललीये. रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा सहज बोलले, तर ती म्हणाली, "ताई, लघवीचा गोळा दिसतोय का लिटरमध्ये?" जाऊन बघितलं. सकाळपासूनचं लिटर कोरडं.

तिने जवळजवळ ओरडूनच सांगितलं, आत्ता निघ. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. त्यात खड्यांची रेती किंवा चिकट बूच अडकलं की लघवी पूर्ण बंद होते. मग मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. हे सगळं दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच. मांजरीत हे क्वचित होतं, कारण तिची नळी आखूड आणि रुंद. मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आठ वर्षं मी मांजरं पाळतेय!

रात्री अकराला दार उघडणारा दवाखाना सापडला. पोट दाबल्यावर मूत्राशय मोसंब्यासारखं टणक लागत होतं, डॉक्टरांनी माझा हात धरून दाखवलं. भूल देऊन नळी मोकळी केली, कॅथेटर घातला, तीन दिवस सलाईन. घरी आला तेव्हा पुढच्या पायावरचे केस भादरलेले आणि चेहरा असा, की मीच त्याच्यावर काहीतरी अन्याय केलाय. आता त्याला ओलं खाणं आणि तीन खोल्यांत तीन पाण्याची भांडी. आणि मी रोज सकाळी लिटरमधले गोळे मोजते. घरचे हसतात. हसोत.

* * *

ससा. सकाळी लेंड्या नव्हत्या, खाण्याला तोंड लावलं नव्हतं. मी म्हटलं संध्याकाळी बघू. सशाच्या बाबतीत "संध्याकाळी बघू" नसतं. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजायची. आमच्याकडे मूळ कारण निघालं दाढ. सशाचे दात जन्मभर वाढतात; चारा चावून पुरेसे झिजले नाहीत तर कड टोकदार होते आणि जीभ कापते. त्याला भूक होती हो, खाता येत नव्हतं. वाचला. त्यानंतर वाळलेलं गवत चोवीस तास समोर, बाकी सगळे लाड बंद.

* * *

मी औषधांच्या धंद्यातलाच माणूस. म्हणून हे लिहायची जास्त लाज वाटते.

मांजरीचं अंग गरम लागलं. मी पॅरासिटामॉलच्या गोळीचा लहानसा तुकडा पाण्यात घोळवून पाजला. लहान मुलांना देतो, मग हिला काय होणार, हा माझा हिशोब. पुढच्या काही तासांत तिचा चेहरा सुजला, हिरड्या मातकट तपकिरी झाल्या, श्वास लागला. माणसाचं यकृत ज्या रस्त्याने हे औषध निकामी करतं तो रस्ता मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. मग रक्तच प्राणवायू वाहून न्यायचं बंद करतं. उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. आम्ही उशिरा पोहोचलो.

तिला ताप होता की नाही हेही मला आज सांगता येणार नाही. मांजर-कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला ती कायम गरमच लागणार. मी थर्मामीटर लावला नव्हता.

* * *

(धागा काढणारी) वरचं वाचून थोडा वेळ काही सुचेना. दादा, लिहिलंत हे मोठं काम केलंत. दोष द्यायला इथे कुणी बसलेलं नाही.

* * *

आमच्याकडे गुरं आहेत, तेव्हा थोडं वेगळं.

गाय दुधाला अचानक उतरली. ताप किरकोळ. रवंथ कमी. पोटफुगीचं औषध झालं, फरक शून्य. माझ्या वडिलांनी एक गोष्ट हेरली : पाण्यावर जाताना ती उतार उतरायला तयार नव्हती. चढ निमूट चढायची, उतार आला की थांबायची. आणि उभी राहताना पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून, पाठ वर करून. वडील म्हणाले, हिने तार खाल्लीय.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गाय चारा निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते. खिळा, तारेचा तुकडा आला की तो जाऊन बसतो जाळीदार पोटात, आणि त्या पोटाच्या अगदी पुढे, मध्ये फक्त पडदा सोडून, हृदय. पोट आवळलं की तार पुढे सरकते. उतारावर सगळा भार पुढे येतो म्हणून ती थांबत होती.

आमची वेळेत सापडली. डॉक्टरांनी तोंडावाटे बोटाएवढं लोहचुंबक पोटात सोडलं; ते तिथेच राहतं आणि लोखंड धरून ठेवतं. सोबत औषधं, आणि काही दिवस पुढचे पाय उंचावर राहतील अशी बांधायची. तार हृदयापर्यंत गेली असती तर गळ्याखाली सूज येते आणि मग फारसं काही हातात राहत नाही. गोठ्याची दुरुस्ती झाली की आता मी दोरीला चुंबक बांधून सगळ्या जमिनीवरून फिरवून घेतो. पहिल्याच दिवशी मूठभर खिळे निघाले.

आणखी एक, कारण आमच्या भागात हे सर्रास चालतं : जनावराची मान वर ताणून, जीभ ओढून धरून बाटलीने औषध ओतू नका. जीभ धरली की गिळता येत नाही, औषध सरळ फुप्फुसात जातं. रोग बरा होतो आणि न्यूमोनियाने जनावर जातं.

* * *

कुत्र्याच्या गोचिडांवर काय करता? आमच्याकडे लसणाचं पाणी देतात, रॉकेल चोळतात, कधी काही झालं नाही.

* * *

वरच्यांना : "कधी काही झालं नाही" हे वाक्य माझ्या कुत्रीच्या नाकातून रक्त येईपर्यंत मीही म्हणत होतो. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रॉकेलने कातडी भाजते, वर ती ते चाटते. आणि गोचीड जिवंतच.

कुत्रीचं असं झालं, की ती फिरायला निघताना दारात थबकायला लागली. दोन दिवस. हिरड्या फिकट होत्या, पण हिरड्या बघायच्या असतात हेच ठाऊक नव्हतं. गोचीड-तापाच्या एका प्रकारात प्लेटलेट उतरतात, त्यातून ते नाकातलं रक्त. दुसऱ्या प्रकारात लघवी कॉफीच्या रंगाची होते. रक्ततपासणीत कळतं आणि वेळेत धरलं तर औषधाने बरं होतं. आमची झाली, महिनाभर गोळ्या खाऊन.

अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे निम्मं सैन्यसुद्धा नाही. अंडी आणि पिल्लं भिंतीच्या फटीत, अंथरुणाच्या शिवणीत. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. अंगावरची काढायची ती बारीक चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढून. जाळू नका, तेलात बुडवू नका, नखाने चिरडू तर नकाच.

घरात मांजरही असेल तर कुत्र्याच्या गोचिडीच्या औषधात परमेथ्रिन हे कीटकनाशक आहे का ते आधी वाचा. मांजराला ते विष आहे. कुत्र्याला नुकतं लावलेलं असताना मांजर त्याला बिलगून झोपलं तरी झटके येऊ शकतात.

* * *

बरं. लसूण बंद केला.

* * *

मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतो. त्यातला एक, अतिशय गरीब, एके दिवशी खाण्याजवळ आला, हुंगला, पण गिळेना. तोंड अर्धवट उघडं, लाळ, आवाज घोगरा. मला वाटलं, घशात हाड अडकलं. मी त्याच्या तोंडात हात घातला.

हाड नव्हतं. तो चावलाही नाही, फक्त दात घासला गेला, जेमतेम ओरखडा. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने मला अक्षरशः ढकलत नळाखाली नेलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावला. मग दवाखाना, लस आणि जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी कुत्रा मेला.

रेबीज म्हणजे पिसाळून धावत सुटलेला कुत्रा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. त्याचा हा मुका प्रकारही असतो : जबडा लुळा, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला हमखास वाटतं की काहीतरी अडकलंय. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस काय नि कुत्रा काय, वाचणं जवळपास अशक्य. लस मात्र १८८५ साली पाश्चरने पहिल्या मुलाला टोचली तेव्हापासून आहे. ओरखडा लहान म्हणून मी गेलोच नसतो, हे कबूल करतो.

आता आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना दर वर्षी लस टोचून घेतो. पकडायची कला अजून जमलेली नाही, दोन सदरे फाटले.

* * *

पोपटवाली मी. पक्षी आजारी दिसायला लागला म्हणजे बराच आधीपासून आजारी असतो. पिसं फुगवून बसला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलायला लागली, की थांबू नका. मी रोज एकाच वेळी त्याला ग्रॅमच्या काट्यावर उभा करते. पिसांमुळे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. तसाच एकदा जंतुसंसर्ग धरला होता.

आणि नॉनस्टिक भांडं रिकामं तापत ठेवू नका. त्या वाफेने माणसाचं बहुतेक वेळा ठसक्यावर निभावतं. पक्षी मिनिटांत पिंजऱ्याच्या तळाशी पडतो. माझे आधीचे दोन असेच गेले.

* * *

मासे. नवी टाकी, चकाचक पाणी, पहिल्याच दिवशी दहा मासे. आठवड्याने सहा उरले, पृष्ठभागावर तोंड वासून. मी फिल्टर नळाखाली लखलखीत धुतला. मग तीन उरले.

नंतर समजलं, की माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो पचवणारे जिवाणू टाकीत वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. जी काही थोडीफार वस्ती झाली होती ती मी नळाखाली धुऊन टाकली. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. ते तीन मासे अजून आहेत. माझ्याकडे बघत असतात.

* * *

आमचा कुत्रा चौदाचा. हृदयाची झडप गळते, वर्षभर औषधावर आहे. मला कळलं ते खोकल्यावरून, रात्री झोपेतून उठून खोकायचा. मी घशाचं दुखणं समजत होतो.

डॉक्टरांनी एक काम दिलंय. तो गाढ झोपला की छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजायचं, वहीत लिहायचं. तीसच्या खाली असलं की ठीक. रोज तीसच्या वर जायला लागलं की फुप्फुसात पाणी साठतंय, लगेच आणा. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हाचं धरायचं नाही.

सुरुवातीला मोजताना माझाच श्वास चुकायचा. आता मुलगी मोजते, मी लिहितो. तिने वहीवर त्याचं चित्र काढलंय, कान जरा जास्तच मोठे झालेत. परवा २४. काल २२. आज अजून झोपला नाही, आम्ही वाट बघत बसलोय.