मदत हवी आहे: ३९ बस टेस्ट सिस्टीमवरचा पेपर दुसऱ्यांदा परत आला, सहा पानांत काय ठेवू?

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिडचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्वतः उभी करणारे इन्व्हर्टर. पहिलाच कॉन्फरन्स पेपर दोन ठिकाणांहून परत आलाय आणि पुढच्या ठिकाणची मुदत १९ दिवसांवर आहे.

काम असं: न्यू इंग्लंड ३९ बस सिस्टीम (अभ्यासासाठीचं नमुना ग्रिड, बस म्हणजे त्यातले जोडबिंदू), १० जनरेटर. त्यातले ३ ते ७ नंबरचे पाच काढून तिथे माझ्या सुधारित ड्रूप कंट्रोलचे (पॉवर वाढली की फ्रिक्वेन्सी थोडी उतरवणारे) इन्व्हर्टर बसवले. मग ९ नंबरचा, ८३० मेगावॉट देणारा जनरेटर ट्रिप केला, म्हणजे अचानक बंद पाडला. निष्कर्ष: निम्मे जनरेटर गेले तरी फ्रिक्वेन्सी घसरण्याचा वेग ०.५ हर्ट्झ प्रति सेकंदाच्या आतच राहतो.

एक रिव्ह्यूअर म्हणतो, यात नवीन काय ते कळत नाही. दुसरा म्हणतो, या दाव्याला ही टेस्ट सिस्टीम पुरत नाही. तिसऱ्याला फक्त आकृत्यांमधली अक्षरं बारीक वाटली. गाईड म्हणतात, ११८ बसवरही करून टाक. पण सहा पानं आधीच गच्च आहेत: दीड पान प्रस्तावना, मग स्मॉल-सिग्नल मॉडेल (छोट्या धक्क्यांसाठीचं), आयगेनव्हॅल्यूंचा (स्थिरता दाखवणाऱ्या आकड्यांचा) तक्ता, सिम्युलेशन. काय काढू?

– वैतागलेली

स्लॅकबस: दीड पान प्रस्तावना? सुरुवात 'अक्षय ऊर्जेचा वाटा झपाट्याने वाढत आहे' अशीच असणार, पैज लावतो. उडवा ते, वाचणाऱ्याला माहीत असतं. आणि ११८ बसच्या नादी लागू नका. तिचा मूळ डेटा लोड फ्लोचा, म्हणजे स्थिर स्थितीचा आहे. डायनॅमिक डेटा कुणीतरी नंतर जोडलेला घ्याल आणि तोच का घेतला हे सांगण्यात एक पान जाईल.

जुनं खोड: पानांचं नंतर बघू. दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं नीट वाचलंत का? तो अजून एक सिस्टीम मागत नाहीये.

३९ नंबरच्या बसवरचा जनरेटर १ हा खरा एक जनरेटर नाहीच, बाहेरच्या अख्ख्या ग्रिडचा तो प्रतिनिधी आहे. १०० एमव्हीए बेसवर त्याचा एच, म्हणजे फ्रिक्वेन्सी घसरणीला अडवणाऱ्या जडत्वाचा आकडा, ५०० सेकंद. बाकी नऊ जणांची बेरीज २८२.७. म्हणजे एकूण जडत्वातलं ६४ टक्के एकट्याकडे! तुम्ही काढलेल्या पाचांचं मिळून १५१.६, म्हणजे जेमतेम १९ टक्के. जनरेटर निम्मे गेले, जडत्व नाही.

आता कागदावर हिशोब करा. ट्रिप झालेल्या ९ नंबरचे ३४.५ वजा केले की उरतात ५९६.६. १०० एमव्हीएने गुणले की ५९,६६०. मग ८३० गुणिले ६० (हर्ट्झ), भागिले ५९,६६० ची दुप्पट. उत्तर ०.४२. हा सरासरी, म्हणजे सेंटर ऑफ इनर्शियाचा वेग झाला, एखाद्या बसवर सुरुवातीला जास्त दिसेल. पण इन्व्हर्टरांनी काहीही मदत केली नाही तरी तुमची ०.५ ची मर्यादा पाळली जातेच. मग कंट्रोलने काय केलं?

वैतागलेली: बाप रे. एच ची फाइल मी जशीच्या तशी उचलली होती, एकदाही उघडून पाहिली नाही. म्हणजे पेपर संपलाच का?

जुनं खोड: संपला नाही हो, आता सुरू होतोय. जनरेटर १ चा एच ५०० वरून १०० पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवा. प्रत्येक टप्प्याला साधे ग्रिड-फॉलोइंग (ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीमागे जाणारे) इन्व्हर्टर एकदा, तुमचे एकदा. तुलनेला काहीच नव्हतं, पहिल्या रिव्ह्यूअरला नवीन काय ते दिसणार कसं? आयगेनव्हॅल्यूंचा तक्ता काढून टाका, एच बदलताना आयगेनव्हॅल्यू कशा सरकतात याची एक आकृती पुरे. बाकीचं जर्नलसाठी राहू द्या.

वैतागलेली: चार दिवसांनी लिहितेय. एच १०० ला इन्व्हर्टरांच्या मदतीशिवाय घसरण्याचा वेग हिशोबाने १.२७ येतो. माझ्या कंट्रोलने वेग बराच खाली येतो, पण दोन इन्व्हर्टर १.२ पर युनिटच्या (रेटेड करंटच्या १.२ पट) करंट मर्यादेला धडकतात आणि सिंक्रोनिझम, म्हणजे ग्रिडशी ताळमेळ, सुटतो. ३०० च्या वर असं काही होत नाही. ते १०० चं टोक गाळू का? निकाल खराब दिसतोय.

जुनं खोड: गाळलंत तर बघा! कुठल्या जडत्वापर्यंत तुमचं कंट्रोल टिकतं आणि कशामुळे कोसळतं, हेच आता शीर्षकात घाला. ३०० आणि १०० च्या मधले टप्पे बारीक करा.

स्लॅकबस: आणि आकृत्यांची अक्षरं मोठी करा. त्या तिसऱ्याचंही बरोबर होतं.