इको नॉर्मल, म्हणून निश्चिंत?
इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला की हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकण्याची, काळजी मिटली, असं म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातली ज्येष्ठांची पाहणी २०११ मध्ये आली. हृदयाच्या आकुंचन-प्रसरणातल्या दोषांनी धोका वाढलेला होताच; नवल वाटलं ते बाकीच्या गोष्टींचं: वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), स्पायरोमेट्रीत (फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत) दिसणारा श्वासनलिकांचा अडथळा, कमी हिमोग्लोबिन. यांनीही पुढे हार्ट फेल्युअर होण्याचा धोका वाढलेला दिसला. मूत्रपिंड मंदावलं की अंगात मीठ-पाणी साचतं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त राबावं लागतं. आपल्याकडे आई-मावशीचं हिमोग्लोबिन 'थोडंसंच कमी आहे' म्हणून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. पुढच्या खेपेला इकोसोबत हे रिपोर्टही डॉक्टरांना जरूर दाखवा.