तिकिटांचा ब्लॅक: छापील किमतीच्या वर विकायला बंदीच हवी की नको?

कोमल निषाद

मैफलीचं तिकीट म्हणजे एका संध्याकाळी एका खुर्चीवर बसायची परवानगी. ज्याला बसायचंच नाही त्याने ती घ्यायची आणि ज्याला बसायचंय त्याला तिप्पट भावाने विकायची. या माणसाने कार्यक्रमासाठी नेमकं केलं काय? तालीम केली नाही, स्टेज उभारलं नाही. फक्त आपल्याआधी रांगेत घुसला, आणि बहुतेक वेळा तोही नाही, त्याचं सॉफ्टवेअर घुसलं.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाचा जानेवारी २०१६ चा अहवाल मिळाला तर वाचा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या यू-टू या बँडच्या २०१५ च्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटं एका दलालाच्या बॉटने, म्हणजे आपोआप तिकिटं काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, एका मिनिटात उचलली. एका वेळी चारच तिकिटं द्यायची असा नियम असताना! २०१६ च्याच डिसेंबरात अमेरिकेत बॉटविरोधी कायदा झाला, पण त्याखाली पहिली कारवाई व्हायला २०२१ उजाडलं.

म्हणून माझं म्हणणं: बॉटच्या मागे धावू नका, नफ्यावरच बंदी घाला. जपानमध्ये जून २०१९ पासून छापील किमतीच्या वर धंदा म्हणून तिकीट विकणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा केला, हजार किंवा जास्त क्षमतेच्या जागांसाठी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जाहीर केलेल्या मोठ्या कार्यक्रमांना मूळ किमतीवर जास्तीत जास्त १० टक्के. ब्रिटिश सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

हिशेबनीस

अडचण ही, की बंदीने मागणी कमी होत नाही.

जागा पन्नास हजार, यायला उत्सुक पाच लाख, आणि किंमत अशी लावलेली की पाचही लाखांना परवडावी. मग या तिकिटाची खरी किंमत आणि छापील किंमत यांत जो फरक राहतो तो कुणाच्या तरी खिशात जाणारच. कलाकाराने तो सोडून दिला, चाहत्याच्या हाती लागला नाही, दलालाने उचलला. तुम्ही दलाल हाकलला तर तो फरक वेळेच्या, ओळखीच्या आणि नशिबाच्या रूपात वसूल होईल. सकाळी दहा वाजता चार स्क्रीन उघडून बसू शकणारा जिंकेल. त्या वेळी रुग्णालयात ड्यूटीवर असलेली परिचारिका हरेल. तिला दुपारी थोडे जास्त पैसे देऊन तिकीट मिळत होतं, ते दारही तुम्ही बंद करताय.

सरळ उपाय म्हणजे मूळ विक्रीतच काही जागांचा लिलाव. टिकेटमास्टर या बड्या अमेरिकन तिकीटविक्री कंपनीने २००० नंतरच्या दशकात तो करून पाहिला होता. चालू राहिला असता तर जास्तीचे पैसे दलालाऐवजी गाणाऱ्याला मिळाले असते. पण लोकांसमोर महाग दिसायचं धाडस कुणालाच नको असतं. स्वस्त तिकीट लावून नाव मिळवायचं आणि पुढचं पाप दलालाच्या माथी.

रांगेतला शेवटचा

लिलाव म्हणे! म्हणजे पुढच्या दहा रांगांत कोट घातलेले लोक फोन बघत बसणार आणि ज्यांना प्रत्येक ओळ पाठ आहे ते घरी. गाण्याचा कार्यक्रम गर्दीनेही घडतो, राव. मुर्दाड गर्दीसमोर कुणालाही गायला सांगा, मग कळेल.

आणि बाजारभावाची चव घेऊन झाली आहे आमची. ऑगस्ट २०२४, ओएसिस या ब्रिटिश बँडची तिकिटं. उभं राहायचं तिकीट दीडशे पौंडांच्या आसपास म्हणून लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले, आणि नंबर लागला तेव्हा तेच साडेतीनशेच्या वर. एकही दलाल मध्ये नव्हता.

हिशेबनीस

@रांगेतला शेवटचा, हे उदाहरण सगळीकडे ऐकतो, पण अर्धंच. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली तेव्हा मिनिटामिनिटाला भाव वाढवणारं कुठलंही यंत्र त्यांना सापडलं नाही. उभ्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्त संपली, मग महाग सुरू झाली. हे रांगेतल्या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये टिकेटमास्टरने लेखी हमी दिली की असे टप्प्याटप्प्याचे दर असतील तर २४ तास आधी कळवू.

म्हणजे लोक संतापले ते लपवाछपवीवर. साडेतीनशेचा आकडा आदल्या दिवशी समोर असता तर अर्धे लोक रांगेत उभेच राहिले नसते, आणि उभे राहिले ते चिडले नसते.

रांगेतला शेवटचा

चिडले असते. एक दिवस आधी चिडले असते, एवढंच.

विंगेत उभा

प्रेक्षागृहाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो. तुम्ही दोघं ज्या पन्नास हजार जागांवर भांडताय त्या पन्नास हजार विक्रीला आलेल्याच नसतात.

कोमलताईंनी दिलेल्या अहवालातच हा आकडा आहे, पण बॉटच्या गोष्टीपुढे तो कुणी वाचत नाही. त्यांनी तपासलेल्या कार्यक्रमांत सरासरी १६ टक्के तिकिटं आतल्या लोकांसाठी राखीव होती आणि ३८ टक्के प्री-सेलमध्ये, म्हणजे अमुक कार्ड असलेले, फॅन क्लबचे सभासद वगैरे. सर्वसामान्य विक्रीत उरली ४६ टक्के. ‘तीन मिनिटांत हाउसफुल्ल’ ही बातमी या उरलेल्या तिकिटांची असते. कुठल्या दराची किती तिकिटं आज खरोखर खुली आहेत हे आयोजक सांगत नाहीत, कारण टंचाईची हवा त्यांनाही हवी असते.

यात चाहत्याच्या कामाची एक गोष्ट आहे. स्टेज, ध्वनीचं टेबल आणि कॅमेरे नक्की कुठे बसणार हे ठरेपर्यंत आजूबाजूच्या जागा अडवून ठेवलेल्या असतात. उभारणी झाली की यांतल्या बऱ्याच सुटतात. पाहुण्यांच्या यादीतल्या न लागलेल्याही सुटतात. हे सगळं शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कधी कधी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, मूळ विक्रेत्याकडेच आणि मूळ दरात. त्या वेळी कुणी बघत नसतं, कारण सगळ्यांनी महिन्यांपूर्वी ब्लॅकने घेऊन टाकलेलं असतं.

आणि कुंपणाने शेत खाण्याबद्दल कुणी बोलणार आहे का? कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन आणि टिकेटमास्टर २०१० मध्ये एक झाल्या. कलाकारांचे दौरे, प्रेक्षागृहं, तिकीटविक्री आणि पुनर्विक्री, सगळं एका छताखाली. तेच तिकीट पुन्हा विकलं गेलं की शुल्क पुन्हा मिळतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये मक्तेदारीचा खटला भरला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने आणखी एक भरला. दलाल मर्यादेबाहेर तिकिटं उचलतात हे माहीत असूनही काणाडोळा केला, असा आरोप. कंपनीला हे मान्य नाही. पण दर पुनर्विक्रीमागे शुल्क मिळत असताना दलालाला अडवायची घाई कुणाला असेल, हे तुम्हीच सांगा.

खर्जातली

विंगेत उभा यांच्या प्रतिसादाला +१.

कोमलताई, तुमच्या बंदीत माझ्यासारखीचं काय? दोन तिकिटं काढली, नावावर बांधलेली, आणि आठवडाभर आधी मी आजारी पडले. विक्रेता म्हणाला परतावा नाही, नाव बदलता येणार नाही. मला एक छदामही नफा नको होता. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि दलालाचं काही बिघडलं नाही. ‘तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही’ हा नियम चाहत्यांच्या नावाने येतो आणि चाहत्यांनाच लागतो.

एक वेगळा विचार. दलालाची खरी ताकद वेग आहे. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम ठेवला की यंत्र जिंकणार, माणूस हरणार. त्याऐवजी आठवडाभर अर्ज घ्या आणि सोडत काढा. पहिल्या सेकंदाला आलेला आणि चौथ्या दिवशी रात्री आलेला सारखेच. हिशेबनीसांच्या परिचारिकेलाही संधी. जपानमध्ये मोठ्या कार्यक्रमांना सोडत नेहमीची आहे. दलाल शंभर खोटी खाती काढतील हे मान्य, पण खाती तपासायला आठवडा मिळतो. एका मिनिटात काय तपासणार? टेलर स्विफ्टच्या इराज दौऱ्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये ३५ लाख लोकांनी आधी नावं नोंदवली होती. तरी निवडलेल्यांना पुन्हा घड्याळ लावून रांगेतच उभं केलं, यंत्रणा कोलमडली आणि सर्वसाधारण विक्री रद्दच झाली.

कोमल निषाद

@खर्जातली, तुमचं प्रकरण हा बंदीचा दोष नाही, परतीची खिडकी नसण्याचा आहे. या दोन गोष्टी एकत्रच हव्यात. द क्युअर या ब्रिटिश बँडने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात तेच केलं. तिकीट हस्तांतरित होणार नाही, पण जाता येत नसेल तर मूळ किमतीला अधिकृत ठिकाणी परत विका. गंमत म्हणजे न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडोत ते करता आलं नाही, कारण तिथले कायदे हस्तांतरण अडवू देत नाहीत, आणि दलालांना तेवढंच पुरतं. त्याच दौऱ्यात शुल्कं पाहून बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ जाहीरपणे भडकले, तेव्हा टिकेटमास्टरने तिकिटामागे ५ किंवा १० डॉलर परत केले.

ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात तर फोटोसकट नोंदणी केल्याशिवाय तिकीटच नाही. परत आलेली तिकिटं आयोजक स्वतः पुन्हा विकतात. तिथे ब्लॅक का फोफावत नाही, याचं उत्तर हिशेबनीसांनी द्यावं.

हिशेबनीस

देतो. तिथे माणसागणिक फोटो आहे, दारावर तपासणी आहे, आणि वर्षातून एकदाच होणारा कार्यक्रम आहे. रोज नव्या शहरात होणाऱ्या दौऱ्याला हे झेपतं का? आणि किंमतबंदीचं पालन कोण करवणार? विकणारा एका देशात, संकेतस्थळ दुसऱ्या देशात नोंदलेलं, कार्यक्रम तिसऱ्या देशात. उघड बाजार बंद झाला की विक्री खाजगी ग्रुपांत जाते. तिथे छापील किंमत बँकेतून आणि वरचे पैसे वेगळे. फसलात तर तक्रार करायलाही तोंड नाही.

शिवाय पुरवठा वाढवायचं कुणी नाव काढत नाही. अमेरिकन गायक गार्थ ब्रुक्स त्याच शहरात मागणी संपेपर्यंत खेळ वाढवत जायचे. दलालाकडची तिकिटं पडून राहायची. अर्थात डब्लिनमध्ये २०१४ ला पाच खेळांची चार लाख तिकिटं विकली गेली, पालिकेने तीनच खेळांना परवानगी दिली आणि त्यांनी पाचही रद्द केले. म्हणजे हाही उपाय शेजाऱ्यांनी झोपू दिलं तरच.

सोडतीला माझा विरोध नाही. पण आधी किती जागा, कुठल्या दराला, किती राखीव, हे जाहीर करायची सक्ती करा. ते न करता बंदी घातली तर राखीव कोटा तसाच राहील आणि तो ओळखीने वाटला जाईल.

कोमल निषाद

सक्ती कराच, माझी हरकत नाही. पण आकडे समोर येईपर्यंत बंदी अडवून धरायची, तर दलालाला अजून दहा वर्षं दिलीत.

उभा ठेका

थोडक्यात, गाणं ऐकायला जायचं तर आधी अर्थशास्त्र आणि कायदा शिकायचा. चालू द्या. माझा पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, हाउसफुल्ल दाखवतंय आणि पुनर्विक्रीत दर तिप्पट. कुणी सांगेल का काय करू?

विंगेत उभा

आज घेऊ नका. पहिल्या आठवड्यातली भीती हीच दलालाची कमाई असते. दुसरा खेळ जाहीर होतोय का बघा. झाला तर पहिल्याचे दर खाली येतात. नाहीच झाला तर दलालालाही मुदत आहे, पडदा उघडल्यावर त्याच्या तिकिटाची किंमत शून्य. शेवटच्या तीन दिवसांत मूळ विक्रेत्याचं पान दिवसातून दोनदा उघडा, सुटलेल्या जागांसाठी. एकेकटी जागा शोधलीत तर लवकर मिळेल, जोडीने बसायचा हट्ट सोडा. ज्या जाहिरातीत विभाग दिलाय पण रांग आणि खुर्ची क्रमांक नाही, तो विकणारा बहुधा अजून स्वतःच तिकीट शोधतोय, तिकडे फिरकू नका. आणि पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे तिकीट आलंच नाही तर बँकेकडे दाद मागता येते.

उभा ठेका

आभार. एक जण तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवतो म्हणतोय, दीडपटच मागतोय. घेऊ?

विंगेत उभा

नका घेऊ. बऱ्याच मोबाइल तिकिटांवरचा बारकोड आता दर काही सेकंदांनी बदलतो, स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. आणि बारकोड न बदलणारा असेल तर तोच स्क्रीनशॉट त्याने आणखी दहा जणांना पाठवलेला असू शकतो. जो पहिला पोचेल तो आत, बाकीचे बाहेर. अधिकृत अ‍ॅपमधून तिकीट तुमच्या खात्यात हस्तांतरित करायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला तर नंबर ब्लॉक करा.